दीड मिलिमीटर

सांवेर रोडच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
मी वाकडे पीस बाजूला टाकत आलो.
लाल खडूची फुली, आणि थेट पिंपात.
गेंदालाल म्हणायचा, भिया, इतना तो चलता है.
मी म्हणायचो, मापात पाप नको.

मग दाढेसाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये
डाव्या जबड्यात अंड्याएवढा काळोख निघाला.
दुखलं कधीच नव्हतं.
कास्टिंगमध्ये हवेचा बुडबुडा राहून जावा तसं,
वरून पॉलिश, आत पोकळ.
असा पीस मी ठोकून, नुसत्या आवाजावरून ओळखतो.
स्वतःला कधी ठोकून बघितलं नव्हतं.

डॉक्टर छाजेडांनी पांढऱ्या रेझिनचा जबडा हातात दिला.
माझाच. स्कॅनवरून छापलेला,
डावीकडे सिस्टने पाडलेलं खिंडार.
स्वतःच्या अस्थी बघायला
माणसाला एरवी मरावं लागतं,
आणि तेव्हाही त्या दुसऱ्याच्याच हातात असतात.
मी पिशवीत घालून घरी आणला.
विभाने तो कपाटात ठेवला, काढला,
फ्रिजवर ठेवला, काढला,
शेवटी विजेच्या बिलांवर, वजन म्हणून.

कानाजवळच्या सांध्याच्या अलीकडपर्यंत
डावा भाग जाणार होता. तिथे टायटॅनियम.
ओळखतो मी त्याला. चिवट, तापट,
कूलंट कमी पडलं की टूलच खाऊन टाकतं.
विचारलं, टॉलरन्स किती? फिनिश कसं?
छाजेड हसले.
तुम्ही आता जॉब आहात, इन्स्पेक्टर नाही.

कोइमतूरचा एक मुलगा स्क्रीनवर आला.
त्याने माझी कवटी गरकन फिरवली,
उजवी बाजू उचलली, आरशातल्यासारखी उलटली
आणि डावीकडे बसवली.
परफेक्ट, सर. दोन्ही साइड सेम.

आम्हा खासगीवाल्यांची हनुवटी डावीकडे झुकते.
वडिलांची झुकायची, मिलच्या ओळखपत्रावरसुद्धा.
काकांची इतकी, की लोक म्हणत
तिरकस बोलून बोलून तोंड तसं झालंय.
शर्वाणीची झुकते,
ती फोटोत मान वळवून लपवते.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मी कुणाला तरी म्हटलं, वाकडं करा.

किती, सर?
ओळखपत्रावर व्हर्नियर लावून
हिशेब करूनच बसलो होतो.
दीड मिलिमीटर.
तो म्हणाला, सॉफ्टवेअर याला एरर म्हणतं.
म्हटलं, आम्हीही तेच म्हणायचो.

सात तास लागले म्हणे.
मग सहा आठवडे अळीमिळी गुपचिळी,
पातळ खिचडी, आणि शर्वाणीच्या जुन्या पाटीवर
मीठ कमी, पंखा बंद, कोण आलंय?
सूज उतरत गेली तसा चेहरा हप्त्याहप्त्याने परत आला,
आधी डोळा, मग गाल,
हनुवटी सगळ्यात शेवटी.

झुकली आहे का?
विभा म्हणते, हो.
शर्वाणी म्हणते, छे, अगदी सरळ आहे.
मोजता येईल.
व्हर्नियर खणात आहे. मी काढलेला नाही.

काल रात्री सराफ्यात गेलो,
भुट्ट्याचा कीस, मऊ, चावायला नको असा.
खालच्या ओठाची डावी बाजू बधिर आहे,
तिथली नस हाडासोबतच गेली.
कीस ओघळतो आणि मला पत्ता नसतो.
विभा समोरून स्वतःच्या हनुवटीला बोट लावते.
मी पुसतो.
ती मान हलवते, पुन्हा बोट लावते.
मी पुन्हा पुसतो, अगदी नीट, रुमालाची घडी बदलून,
उजवी बाजू,
जी कोरडीच होती.